पुन्हा पुन्हा चुकणारा फटका : दोषनिवारणाचा एक पाठ

एकदा घडलेली चूक अपघात असू शकते. परंतु तीच चूक त्याच प्रसंगी, त्याच रीतीने वारंवार घडू लागली म्हणजे तिला अपघात म्हणता येत नाही. तिच्यामागे काही स्थिर कारण असते. आणि ते कारण जागच्या जागी आहे तोपर्यंत निश्चय, पश्चात्ताप किंवा आत्मनिंदा यांपैकी कशानेही ती थांबत नाही. हे तत्त्व सर्वांना मान्य होण्यासारखे असले, तरी स्वतःच्या बाबतीत ते ओळखणे कठीण जाते. म्हणून ते ज्या क्षेत्रात डोळ्यांना स्पष्ट दिसते अशा एका साध्या क्षेत्रात, म्हणजे गोल्फच्या खेळात, पाहणे उपयुक्त ठरेल.

हा खेळ स्कॉटलंडमध्ये वाढला आणि भारतात फार पूर्वीच आला. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला असून ब्रिटिश बेटांबाहेरील गोल्फ क्लबांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांना त्याचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल : सुमारे ४३ मिलिमीटर व्यासाचा आणि जास्तीत जास्त ४६ ग्रॅम वजनाचा लहानसा चेंडू काठीने मारीत न्यावयाचा आणि दूरवरच्या १०८ मिलिमीटर रुंदीच्या भोकात कमीत कमी फटक्यांत घालावयाचा. अशी अठरा भोके झाली की एक डाव पुरा होतो.

या खेळाचे एक वैशिष्ट्य येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज चुकला तर तो गोलंदाजाकडे बोट दाखवू शकतो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्थिर असतो, प्रतिस्पर्धी त्याला स्पर्शही करीत नाही, आणि फटका मारण्याचा क्षण खेळाडू स्वतःच निवडतो. म्हणून येथे घडलेला दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. कर्म आणि कर्ता समोरासमोर उभे असतात.

१. दोषांचे तीन प्रकार

खेळाडू उजव्या हाताने खेळणारा आहे असे धरून वारंवार घडणारे तीन दोष पाहू जाता, त्यांत एकच सूत्र आढळते.

पहिला दोष चेंडूच्या माथ्यावर काठी लागण्याचा. त्याला 'टॉप' म्हणतात. चेंडू हवेत न उठता गवतावरून घरंगळत जातो. नवशिक्याला वाटते की चेंडू जमिनीला चिकटून आहे, तेव्हा त्याला खालून उचलून दिले पाहिजे. म्हणून तो शरीराचा भार मागच्या पायावर ठेवून काठी वर ओढतो. त्यामुळे काठीच्या फेऱ्यातील सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. परिणामी काठी एक तर चेंडूच्या आधीच मातीत रुतते, नाही तर वर येता येता चेंडूचा माथा चाटून जाते. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम काठीने आधीच पत्करलेले असते. सात क्रमांकाच्या लोखंडी काठीचे मुख सुमारे तीस अंशांनी मागे कललेले असते. खेळाडूने भार पुढच्या पायावर येऊ देऊन काठी खालच्या दिशेने चेंडूवर आणली, की त्या कलामुळे चेंडू आपोआप वर उठतो. वर नेण्याची धडपड त्याला खालीच ठेवते.

दुसरा दोष 'स्लाइस'. यात चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो आणि झाडीत, पाण्यात किंवा हद्दीबाहेर पडतो. हौशी खेळाडूंमध्ये हा दोष फार आढळतो. चेंडू ज्या दिशेने निघतो ती दिशा मुख्यतः आघाताच्या क्षणी काठीचे मुख जिकडे असते त्यावर ठरते. आणि तो वळतो याचे कारण मुखाची दिशा व काठीच्या गतीची दिशा यांतील अंतर. मुख गतीच्या मानाने उजवीकडे उघडे राहिले की चेंडू उजवीकडे वळतो. पूर्वी पुष्कळ शिक्षक याच्या उलट, म्हणजे चेंडू काठीच्या गतीच्या दिशेने निघतो असे शिकवीत. इ. स. २००० नंतर चेंडू व काठी या दोहोंचा माग घेणारी रडारयंत्रे प्रचारात आली, तेव्हा ही समजूत दुरुस्त झाली.

आता चेंडू उजवीकडे जातो असे पाहिल्यावर खेळाडू काय करतो? तो डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्याचे खांदे डावीकडे वळतात, काठी बाहेरून आत अशी अधिकच तिरपी येते, मुख मात्र मूळ लक्ष्याकडेच राहते. दोहोंतील अंतर वाढते आणि चेंडू पूर्वीपेक्षाही अधिक वळतो. मग तो आणखी डावीकडे वळून उभा राहतो. काही वर्षांनी अशी स्थिती येते की त्याचे शरीर एका दिशेला, लक्ष्य दुसऱ्या दिशेला आणि चेंडू तिसऱ्याच दिशेला असतो.

तिसरा दोष 'शँक'. लोखंडी काठीचा दांडा जेथे तिच्या डोक्याला जोडलेला असतो, त्या मानेवर चेंडू लागतो आणि जवळजवळ आडवाच उजवीकडे उडतो. या दोषाची खेळाडूंना इतकी धास्ती असते की कित्येक जण त्याचे नावही तोंडातून काढीत नाहीत. चेंडू मानेवर लागतो म्हणजे आपण फार जवळ उभे आहोत असे समजून खेळाडू मागे सरतो. पण दूर उभे राहिल्यामुळे त्याला हात लांबवावे लागतात, भार पायाच्या बोटांवर जातो, फटक्याच्या ओघात शरीर पुढे झुकते आणि काठीची मान पुन्हा नेमकी चेंडूवर येते.

२. उपायच दोषाला पोसतो

या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. दोषाचे फळ दिसताच मनुष्याने त्या फळावर उपाय केला. तो उपाय सहज सुचलेला होता, सद्हेतूने केलेला होता, आणि दोषाचे मूळ बळकट करणारा होता. चेंडू खाली राहतो म्हणून उचलू गेला, उजवीकडे जातो म्हणून डावीकडे वळला, मानेवर लागतो म्हणून मागे सरला. दर वेळी त्याने परिणामाशी झुंज घेतली आणि कारण सुरक्षित राहिले.

दोष वारंवार का घडतो याचे उत्तर येथे मिळते. दोषामागे आळस असतो असे सामान्यतः मानले जाते. पुष्कळदा वस्तुस्थिती वेगळी असते. दोषी मनुष्य आळशी नसतो, तो अतिशय कष्ट करीत असतो. मात्र त्याचे कष्ट दोषाच्याच बाजूने खर्च होत असतात. म्हणून ज्याला दोष घालवावयाचा आहे त्याने प्रथम नवीन प्रयत्न सुरू करण्याआधी चालू असलेला प्रयत्न तपासून पाहावा.

३. पाव सेकंदाचे बंधन

येथे असा प्रश्न उद्भवतो की, खेळाडूने फटका मारतानाच सावध राहून चूक का सुधारू नये? याचे उत्तर कालमानात आहे. काठी वरून खाली चेंडूपर्यंत येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी काही पाहून त्याप्रमाणे हाताने हालचाल करावयाची, तर तेवढ्याला सुमारे एकपंचमांश सेकंद हवा असतो. चेंडू व काठी यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. म्हणजे चूक जाणवून ती सुधारण्यापूर्वीच फटका संपलेला असतो.

यावरून निष्पन्न होते ते असे : कर्माच्या ऐन क्षणी मनुष्य नवीन काही करू शकत नाही, पूर्वी जे मुरवले असेल तेच त्या क्षणी प्रकट होते. ज्याला तो क्षण बदलावयाचा असेल, त्याने त्या क्षणाच्या आधीच्या तासांत, दिवसांत आणि महिन्यांत काम केले पाहिजे. अभ्यास या शब्दाचे सामर्थ्य येथे ध्यानात येते.

४. बेन होगन यांचे उदाहरण

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९१२ साली जन्मलेले बेन होगन हे विसाव्या शतकातील श्रेष्ठ गोल्फपटूंपैकी एक. त्यांचा दोष स्लाइसच्या नेमका उलट होता. त्यांचा चेंडू एकाएकी डावीकडे वळे. या दोषाला 'हुक' म्हणतात. १९३० च्या सुमारास त्यांनी हा व्यवसाय पत्करला. परंतु पहिले वैयक्तिक विजेतेपद मिळण्यास १९४० साल उजाडले. मधली वर्षे दारिद्र्यात गेली आणि पैसे संपल्यामुळे त्यांना खेळाचा दौरा सोडून घरी परतावे लागले, असे एकाहून अधिक वेळा घडले. पुढे विजय मिळू लागले, तरी हुकची भीती गेली नव्हती.

त्यांनी चेंडू उजवीकडे रोखण्यासाठी तोंड फिरवून उभे राहण्याचा मार्ग धरला नाही. ते मुळाकडे गेले. १९४६ च्या सुमारास त्यांनी डाव्या हाताची पकड दांड्यावर किंचित डावीकडे सरकवली आणि काठी डोक्यावर गेली असता डावे मनगट मागच्या बाजूस किंचित वाकवण्याची सवय लावून घेतली. या दोन लहान फरकांमुळे काठीचे मुख अकाली मिटणे थांबले. हे रहस्य त्यांनी १९५५ साली 'लाइफ' या नियतकालिकातून प्रकट केले. १९४६ साली त्यांनी पीजीए अजिंक्यपद जिंकले. १९४९ च्या फेब्रुवारीत त्यांच्या मोटारीवर समोरून बस आदळली आणि ते मरणाच्या दारातून परत आले. तरीही १९५० साली त्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली, आणि १९५३ साली एकाच वर्षात तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या.

या चरित्राचा उत्तरार्ध सामान्य खेळाडूच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. होगन यांचे पाच पाठांचे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्यात सांगितलेली पकड हुकने पीडित असलेल्या मनुष्याने शोधलेली होती. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे वळतो अशा खेळाडूने तीच पकड जशीच्या तशी उचलली, तर काठीचे मुख अधिकच उघडे राहते आणि त्याचा स्लाइस वाढतो. एकाचे औषध दुसऱ्याला अपथ्य ठरते. थोर पुरुषाचे अनुकरण करताना त्याने कोणत्या दोषावर तो उपाय योजला होता हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते. त्याची पकड उचलण्यापेक्षा स्वतःच्या दोषाचे मूळ शोधण्याची त्याची रीत उचलणे श्रेयस्कर होय.

५. अभ्यासाचा क्रम

तर मग दोष घालवू इच्छिणाऱ्या खेळाडूने कोणत्या क्रमाने जावे?

(अ) प्रथम निरीक्षण. काठीच्या मुखावर पावडर किंवा खडूची भुकटी लावून दहा-बारा फटके मारावेत. चेंडू मुखाच्या मध्यावर, टोकाकडे की मानेकडे लागतो हे त्या खुणेवरून कळते. चेंडू कोणत्या दिशेने निघाला आणि नंतर कोणीकडे वळला या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात. पहिली मुख्यतः मुखाविषयी सांगते, दुसरी मुख व गती यांच्या संबंधाविषयी. या काळात काहीही सुधारू नये. न रागावता पाहणे हेच या पायरीचे काम आहे, आणि बहुतेक जण येथेच अधीर होतात.

(आ) नंतर एकच कारण निवडावे. स्लाइस असेल तर आधी पकड तपासावी. डावा हात दांड्यावर किंचित उजवीकडे फिरवला असता खेळाडूला स्वतःच्या त्या हाताच्या दोन ते तीन पेरांचे उंचवटे वरून दिसतात. पकड फार घट्ट असेल तर मनगटे ताठरतात आणि मुख मिटत नाही, म्हणून ती सैल करावी. मुख ताब्यात आल्यावरच काठीच्या मार्गाकडे वळावे. शँक असेल तर भार टाचा व बोटे यांच्या मध्ये समतोल ठेवावा आणि चेंडूच्या पलीकडे थोड्या अंतरावर लाकडी टी रोवून, तिला न लागता चेंडू मारण्याचा सराव करावा.

(इ) गती कमी ठेवावी. आरंभी चेंडूवाचून, मग अर्ध्या फेऱ्याने, मग पूर्ण फेऱ्याने असे जावे. नवी पकड काही दिवस चुकीचीच वाटते. कारण जुना दोष हाताच्या सवयीचा झालेला असतो. सुखकर वाटते ते योग्य आणि अवघड वाटते ते अयोग्य, असा निवाडा या काळात करू नये.

(ई) लक्ष कोठे ठेवावे याचाही विचार करावा. गॅब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गोल्फ शिकणाऱ्यांपैकी ज्यांनी स्वतःच्या हातांच्या हालचालीऐवजी काठीच्या झुलण्याकडे लक्ष दिले, त्यांचे फटके अधिक अचूक ठरले. कर्त्याने स्वतःकडे वळून वळून पाहत राहणे कर्माला बाधक होते, हे येथे प्रयोगाने दिसून आले.

(उ) शेवटी सरावात विविधता आणावी. एकाच जागेवरून एकाच काठीने शंभर चेंडू मारले की हात बसल्यासारखा वाटतो, परंतु प्रत्यक्ष मैदानावर प्रत्येक फटका निराळा असतो. म्हणून दोष आटोक्यात येताच काठी, लक्ष्य आणि अंतर बदलत जावे. अशा सरावात चुका अधिक होतात, पण जे शिकले जाते ते अधिक टिकते.

६. फळाविषयीची वृत्ती

एवढे करूनही दोष एखादे दिवशी परत येतो. सरावाच्या मैदानात सरळ जाणारा चेंडू स्पर्धेच्या पहिल्याच फटक्याला झाडीत शिरतो. या क्षणी खेळाडूची खरी परीक्षा असते. तो मनाशी म्हणतो, "मी असाच. मला हे कधीच जमणार नाही." काठीच्या मुखात असलेला दोष त्याने आता स्वतःच्या स्वरूपात नेऊन बसवला. यानंतर प्रत्येक फटक्याला तो चेंडू मारीत नाही, स्वतःची किंमत पणाला लावतो. पकड आवळली जाते, मनगटे ताठरतात, आणि मुख पुन्हा उघडे राहते. ही भीतीसुद्धा दोषाचे एक शारीरिक कारणच होय.

मन चंचल आहे, ते आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण, अशी अर्जुनाची तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. आणि तिला मिळालेल्या उत्तरात अभ्यास व वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. गोल्फच्या उदाहरणात या जोडीतील दुसऱ्या साधनाचे प्रयोजन चांगले कळते. वैराग्य म्हणजे फटका कसाही गेला तरी चालेल अशी बेफिकिरी नव्हे. तसे मानणारा मनुष्य अभ्यासच करणार नाही. मागचा चुकलेला फटका आणि पुढचा संभाव्य फटका या दोहोंना चालू फटक्यात शिरू न देणे, हे येथील वैराग्य. चेंडू कोठे पडला याची नोंद अवश्य घ्यावी, कारण त्यातून कारण कळते. त्या नोंदीचा स्वतःविषयीचा निवाडा होऊ देऊ नये.

गोल्फ आणि गीता यांचा हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकन लेखक स्टीव्हन प्रेसफील्ड यांनी १९९५ साली 'द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स' ही कादंबरी गीतेच्याच आराखड्यावर लिहिली. कथा १९३१ सालच्या जॉर्जिया राज्यातील आहे. पहिल्या महायुद्धातून मनाने खचून परतलेला खेळाडू सामन्याच्या वेळी खेळण्यास नकार देऊ पाहतो, आणि त्याच्या काठ्या वाहणारा कॅडी त्याला मार्ग दाखवतो. खेळाडूचे नाव आर. जुना, म्हणजे अर्जुन. कॅडीचे नाव बॅगर व्हान्स, म्हणजे भगवान. रथाचे लगाम धरणारा तेथे काठ्यांची पिशवी वाहतो. २००० साली या कथेवर चित्रपटही निघाला.

७. गृहस्थाला यातून काय घ्यावयाचे?

बहुसंख्य गृहस्थ गोल्फ खेळत नाहीत. परंतु वारंवार चुकणारा फटका प्रत्येक घरात असतो. मुलगा खोटे बोलतो असे दिसताच पिता कठोर होतो. कठोरतेने भीती वाढते, आणि भीतीने खोटे वाढते. पिता आणखी कठोर होतो. डावीकडे वळून उभ्या राहणाऱ्या खेळाडूची आणि या पित्याची चूक एकाच जातीची आहे. ज्याला झोप येत नाही तो झोपण्याची धडपड करतो, आणि त्या धडपडीनेच जागा राहतो. तो चेंडू खालून उचलू पाहणाऱ्याचा भाऊ शोभतो. बोलताना एकदा अपमान झाला म्हणून जो माणसांपासून दूर दूर सरतो, त्याला पुढच्या भेटीत अधिकच अवघडल्यासारखे होते. तो मागे सरणाऱ्या खेळाडूसारखाच पुन्हा तेथेच येऊन आदळतो.

अशा वेळी गृहस्थाने क्रम तोच ठेवावा. आठ दिवस काहीही न सुधारता केवळ पाहावे : चूक कोणत्या वेळी, कोणासमोर, कशाच्या पाठोपाठ घडते. आपला आजवरचा उपाय तिला पोसत तर नाही ना, हे प्रामाणिकपणे तपासावे. मग एकच कारण निवडून, प्रसंग नसताना, शांत वेळी, लहान प्रमाणात नवी रीत मुरवावी. मुलाशी मोकळेपणाने बोलण्याचा अभ्यास तो खोटे बोलताना सापडेल त्या दिवशी सुरू होऊ शकत नाही. कारण त्या दिवशी पित्याच्या हाती पाव सेकंदच असतो. तो अभ्यास साध्या संध्याकाळी, जेव्हा सांगण्यासारखे काही विशेष नसते, तेव्हा करावयाचा असतो.

सारांश, वारंवार घडणारा दोष हा मनुष्याच्या नालायकीचा पुरावा नसून अद्याप न सापडलेल्या कारणाची खूण आहे. परिणामाशी झुंजणारा थकतो. कारण शोधणारा शिकतो. चेंडू झाडीत गेला तर तो जेथे पडला असेल तेथे चालत जावे, तो कसा पडला आहे ते पाहावे, आणि पकड सैल करून पुढचा फटका मारावा.